फळ्यावरचा भोंगा

संगप्पाला मी मनापासून हसताना फार कमी वेळा पाहिलं, आणि दर वेळी हसून झाल्यावर तो घाबरला. आपण हसलो म्हणजे आता काहीतरी वाईट होणार, याची त्याला खात्रीच असायची. सिद्धेश्वराच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला त्याचं विभूतीचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून माझं घड्याळ दुरुस्तीचं. वीसेक वर्षं आम्ही शेजारी बसलो. एवढ्या वर्षांत त्या माणसानं काळजी केली नाही असा एक दिवस मला आठवत नाही. ढग आले की विभूतीच्या वड्या सादळतील म्हणून काळजी, ऊन पडलं की तडकतील म्हणून काळजी. रोजचं गिऱ्हाईक उशिरा आलं तर ते आजारी पडलं असणार, आणि लवकर आलं तर त्याच्या घरात कोणीतरी आजारी पडलं असणार.

मी धुळाप्पा, जातीचा धनगर. बापानं मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरं राखली आणि मी सोलापुरात बसून काटे राखतो, असं संगप्पा मला चिडवायचा. चिडवून झालं की लगेच, "रागावला न्हाईस न्हवं?" असं चारदा विचारायचा. मी तापट माणूस. पहिल्या तीन वेळेपर्यंत रागावलेला नसलो तरी चौथ्या वेळेला हमखास रागवायचो.

त्याच्या काळजीला कारण नव्हतं असं नाही. त्याच्या बायकोची, कमलम्माची, तीन बाळंतपणं वाया गेली आणि चौथ्या खेपेला बसवराज जगला. तेव्हापासून हे पोर आपल्याला उसनं मिळालंय, कोणीतरी मागायला येणार, असं संगप्पाच्या मनानं घेतलं. बसू पोहायला गेला की हा तळ्याच्या काठावर उभा. बसू वळसंगला मामाकडं गेला की हा एसटी स्टँडवर दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या मारणार. पोरगं वीस वर्षांचं, ओठावर मिशी आलेली, तरी हा त्याला रस्ता ओलांडताना दंडाला धरायचा. बसू दंड सोडवून घ्यायचा आणि पुन्हा दोन पावलांवर संगप्पाचा हात दंडाला असायचा.

असं ते पोर दुकानात बसून विभूतीच्या वड्या कागदात बांधणार, हे ठरलेलंच होतं. पण रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डाच्या मुलाशी त्याची दोस्ती झाली आणि त्याच्याकडून विजेवर वाजणारी गिटार घरात आली. साल शहात्तर असेल. तिसरा त्यांच्यात मिळाला अंबादास, पद्मशाली विणकराचा मुलगा. घरात दिवसभर माग चालायचा, त्याच ठेक्यावर तो ड्रम वाजवायचा. तिघांनी मिळून रॉक का काय म्हणतात त्याचा बँड काढला आणि नाव ठेवलं 'द शटल्स'. सोलापुरातल्या माणसाला शटल म्हणजे मागावरचा धोटा हे सांगावं लागत नव्हतं. पण लग्नात वाजतो तो बँड नव्हे, मिरवणुकीतली बँजो पार्टीही नव्हे, मग ही तीन पोरं उभी राहून ओरडतात कशाला, हे मात्र सगळ्यांना सांगावं लागत होतं.

गणपतीत रेल्वे कॉलनीच्या मांडवात त्यांनी एक गाणं म्हटलं. नाव 'भोंगा'. सुरुवातीला बसू गिटारीवर मिलचा भोंगा काढायचा, हळूहळू चढत जाणारा, अगदी हुबेहूब. मग ड्रम सुरू व्हायचा आणि तो गायचा, "भोंगा झाला, चहा ऱ्हाइला अर्धा". मिलमधल्या पोराचं गाणं होतं, हसायला यायचं आणि मधेच एखादी ओळ मनाला लागायचीही. रेकॉर्ड कंपनीचा पुण्याचा एक एजंट त्या मांडवात बसलेला निघाला. वर्षभरानं 'भोंगा'ची छोटी तबकडी छापून आली, वर तिघांची नावं.

एजंट सरळ बोलणारा होता. तो म्हणाला, कोल्हापूर, हुबळी आणि सोलापूर, या तीन गावच्या हॉटेलांच्या फळ्यांवर माझं लक्ष असतं. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तिन्ही फळ्यांवर गाणं पहिल्या तिनांत दिसलं तर पोरांना मुंबईला नेतो, दुसरी तबकडी काढतो, कामही लावून देतो. नाही दिसलं तर रामराम.

बसूनं घरी येऊन तेवढ्याच सरळपणानं सांगून टाकलं, "अप्पा, वर गेलं तर मी मुंबईला जानार. न्हाय गेलं तर गिटार देऊन टाकतो आन दुकानात बसतो. पुना नाव काडनार न्हाय."

फळ्याचं काय ते सांगायला हवं. स्टेशन रोडवर गुलमोहर नावाचं हॉटेल होतं. तिथं रेकॉर्ड लावायचं यंत्र होतं आणि ते यंत्र गुरप्पाच्या ताब्यात असायचं. ज्यानं चहा मागवला त्यानं एका गाण्याची फर्माईश करायची. गुरप्पा गाणं लावायचा आणि भिंतीवर त्या गाण्याच्या नावापुढं खडूची एक रेघ ओढायचा. रविवारी सकाळी रेघा बघून तो दारातल्या फळ्यावर आठवड्याची दहा गाणी लिहायचा. दहावं आधी, पहिलं शेवटी. त्या वेळी रस्त्यावर ही गर्दी. सिनेमाची गाणी पडली की पोरं हळहळायची, पैजा लागायच्या, आणि गुरप्पा मुद्दाम सावकाश लिहायचा. त्या फळ्यावर सोलापूरचा विश्वास होता, कारण गुरप्पानं आपल्या सख्ख्या मेव्हण्याच्या आवडीचं गाणंही कधी वर सरकवलं नव्हतं. घरच्या माणसांनी येऊन आपल्याच पोराच्या गाण्याची फर्माईश केली तर तो रेघ ओढायचा नाही.

श्रावणात सोलापूरच्या वाटणीचं तबकड्यांचं खोकं आलं. ते आधी घरी आलं, आणि इथंच घोटाळा झाला. संगप्पाच्या घरात नवी वस्तू विभूती लागल्याशिवाय वापरात येत नसे. नवी सायकल असो, नवा तवा असो, शाळेची पाटी असो, तीन बोटं ओल्या विभूतीत बुडवून आडवे पट्टे ओढायचे आणि मगच हात लावायचा. बसू बँडवाल्या पोरांना सांगायला धावला होता. संगप्पानं खोकं उघडलं, सोवळ्यानं बसून एकेक तबकडी बाहेर काढली. मधल्या कागदावर पोराचं नाव छापलेलं. त्यावर ओली विभूती लावली तर नाव पुसेल, म्हणून त्यानं जपून कागद टाळला आणि भोवतीच्या काळ्या चकचकीत भागावर तीन तीन पट्टे ओढले. दोन्ही बाजूंना. मग सावलीत वाळवल्या, धोतराच्या सोग्यानं पट्टे तेवढे पुसट केले आणि पुन्हा खोक्यात भरून ठेवल्या. मला सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. मी म्हणालो, "बरं केलंस." मला तरी काय कळत होतं?

गुलमोहरात तबकडी गेली. गुरप्पा पण संगप्पासारखाच लिंगायत. तबकडीवर विभूतीचा पुसट पट्टा दिसल्यावर त्यानं ती कपाळाला लावली आणि तशीच यंत्रावर चढवली. विभूती पुसून टाकायची कशी, असं त्याला वाटलं. दुसऱ्या कुठल्या गावातला माणूस असता तर त्यानं फडक्यानं खसकन पुसली असती आणि पुढचं सगळं टळलं असतं.

पहिल्या रविवारी 'भोंगा' नवव्या नंबरावर लागला. बसू आणि अंबादास रस्त्यातच नाचले. संगप्पा समोरच्या सायकल स्टँडपाशी उभा होता. हॉटेलात तो जायचा नाही, तिथं आम्लेट होतं. लांबून फळा वाचून तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "नववा हाय, धुळाप्पा. म्हंजे पडलं की काय?" मी सांगितलं, नवीन गाणं नवव्यावर लागतं म्हणजे चढतं. तर त्याचा चेहरा आणखीच उतरला. "चडतंय व्हय?" म्हणाला आणि वड्या मोजायला लागला.

पुढच्या रविवारी सातवा. त्याच्या पुढच्या रविवारी पाचवा. मिलमधून सुटलेली माणसं गुलमोहरात येऊन 'भोंगा' मागत होती. भोंगा सुरू झाला की एखादा सवयीनं कप ठेवून उठायचा आणि सगळं हॉटेल हसायचं. बसू जमिनीवर नव्हता. आणि संगप्पा शनिवारी दुपारपासून जेवायचा नाही. रविवारी पहाटेच दुकान उघडून बसायचा, फळा लिहून व्हायच्या वेळेला माझ्या हातातलं काम सोडायला लावून मला सोबत न्यायचा. मी तणतणायचो. गिऱ्हाइकांची घड्याळं माझ्याकडं उघडी पडलेली असायची आणि हा मला रस्त्यावर उभा करायचा. गाणं वर गेलं तर पोरगं जाईल, खाली आलं तर पोरगं मोडेल. दोन्हीकडं त्याचा जीव टांगणीला. कुठलाही नंबर आला तरी त्याला धडकी भरायचीच.

पाचव्या नंबरानंतर मात्र गाणं घसरलं. एकदम आठव्यावर, आणि पुढं दहाव्यावर. गिऱ्हाइकं म्हणायला लागली की गाण्यात खरखर येते, सुई मधेच अडते, भोंगा चढता चढता तिथल्या तिथं ओरडत राहतो. गुरप्पानं सुई बदलली, काही फरक नाही. अंबादासनं कंपनीला शिव्या घातल्या.  आणि तेवढ्यात एजंटचा निरोप आला की कोल्हापुरात 'भोंगा' दुसऱ्या नंबरावर आहे, हुबळीत तिसऱ्या. फक्त स्वतःच्याच गावात पोरं आपटली होती.

बसू मिळेल त्या एसटीनं कोल्हापूरला गेला, तिथल्या हॉटेलात बसून आपलंच गाणं ऐकलं आणि परत आला. आल्या आल्या गुरप्पाकडून गुलमोहरातली तबकडी मागून घेतली. सरळ माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "मामा, जरा भिंगातनं बगा की हे. तितं आरशासारकं सोच्छ वाजतंय, हितंच का खरखरतंय?"

मी डोळ्याला भिंग लावलं. तबकडीवरच्या त्या बारीक चरांत पांढरी पूड घट्ट बसलेली. सुईनं फिरून फिरून ती आणखी खोल दाबली होती, चरांच्या कडा घासून गेल्या होत्या. नाक जवळ नेलं तर ओळखीचा वास. मी जागच्या जागी ओरडलो, "आरं, ही तर तुज्या बापाची इबूत!"

आमच्या दोन दुकानांमधली भिंत पातळ होती. पलीकडं कागदाची खसखस चालू होती ती थांबली.

बसू उठून पलीकडं गेला. मीही मागोमाग गेलो. संगप्पा हातात अर्धी बांधलेली पुडी घेऊन उभा होता. बसू ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तबकडी बापासमोर धरली आणि विचारलं, "अप्पा, कोल्हापूरची तबकडी तुमच्या हाताखालनं गेली न्हाय. हितल्या समद्या गेल्या. खरं सांगा. मी जाऊ नये म्हनून मुद्दाम केलं का तुमी?"

'नाही' एवढं म्हणायचं होतं. संगप्पाचं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. मी मनात म्हटलं, बोल की बाबा, बोल.   बसू तबकडी गल्ल्यावर ठेवून निघून गेला. त्या दिवसापासून तो विणकरांच्या वस्तीत अंबादासच्या घरी राहायला लागला.

मी संगप्पाला असा झापला की रस्त्यावरची माणसं थांबली. "गप का बसलास? दातखीळ बसली हुती का? पोरगं काय समजंल?"

तो खाली बसला. पुडीची दोरी सोडली, पुन्हा बांधली. मग हळूच म्हणाला, "मुद्दाम न्हाय केलं, धुळाप्पा. पर न्हाय म्हनताना जीभ रेटंना. पाचव्या नंबराला गानं आलं त्या दिवशी मी सिद्धेश्वराच्या म्होरं उभा ऱ्हाऊन म्हनलो, देवा, हितंच थांबीव. वर न्हेऊ नको, खाली पाडू नको, पाचालाच ऱ्हाऊ दे. आन दुसऱ्या आठवड्याला ते पडलं. मग सांग, मी केलं का न्हाय केलं?"

देवाकडं कोणी पाचवा नंबर मागितल्याचं मी तरी त्याआधी ऐकलं नव्हतं. दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही, फक्त त्या माणसाची फार दया आली. मी त्याला म्हणालो, "देवाचं ऱ्हाऊ दे. विभूतीचं बग. जे तुज्या बोटांनी बसलंय ते तुज्या बोटांनी निगंल का?"

खोक्यातल्या बऱ्याच तबकड्या अजून त्याच्या घरात होत्या. त्या कधी वाजल्या नव्हत्या, त्यामुळं पूड चरांत बसली असली तरी सुईनं दाबलेली नव्हती. पण विभूती धुऊन काढायला तो धजेना. त्याच्या बापानं, आज्यानं ती लावली होती, काढली कुणी नव्हती. तो घरात येरझाऱ्या घालत राहिला. कमलम्मा चुलीपाशी बसली होती. पोरगं घर सोडून गेल्यापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती तिथूनच म्हणाली, "पोरगं दुसऱ्याच्या घरात जेवतंय. तुमी अजून इचारच करताय व्हय?"

मग तो बसला. गळ्यात बांधायच्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डब्या तो रिठ्याच्या पाण्यानं धुवायचा, तसंच कोमट पाणी केलं. कमलम्मानं जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा दिला. मी भिंग लावून शेजारी बसलो. तो एकेका तबकडीवर पाण्याचा हात फिरवायचा, चरांच्या दिशेनं कापड गोल गोल न्यायचा, मधल्या कागदावर अंगठ्यानं आडोसा धरायचा आणि माझ्यापुढं करायचा. मी म्हणायचो, अजून हाय. तो पुन्हा धुवायचा. दोनदा त्याच्या हातून तबकडी निसटली आणि मीच ती झेलली. धुतलेलं पाणी त्यानं मोरीत जाऊ दिलं नाही, घमेल्यात धरून मागच्या बेलाच्या बुंध्याला नेऊन ओतलं. प्रत्येक वेळेला ओतताना तो काहीतरी कानडीत पुटपुटायचा. माफी मागत असावा. मी विचारलं नाही.

सगळ्यात चांगली निघालेली तबकडी घेऊन आम्ही दुपारच्या वेळी गुलमोहराकडं गेलो. गर्दी नव्हती. संगप्पा सायकल स्टँडपाशी थांबला आणि म्हणाला, "तू जा आत." मी म्हणालो, "मी जानार न्हाय. तुज्या पोराचं गानं हाय, तू ने." खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. माझी घड्याळं तशीच पडली होती आणि एवढं करून हा आता दाराशी येऊन अडत होता.  मग तो चपला हातात घेऊन, देवळात शिरावं तसा, उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला.

गुरप्पानं त्याच्या हातातली तबकडी घेतली, उजेडात धरली आणि यंत्रावर लावली. भोंगा सुरू झाला. खालून वर, वर, आणखी वर, कुठंही अडकला नाही. मग ड्रम, मग बसूचा आवाज. संगप्पानं ते गाणं आजवर पूर्ण ऐकलंच नव्हतं हे मला तेव्हा कळलं. दर रविवारी त्यानं नंबर वाचला होता, गाणं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. गाणं संपल्यावर गुरप्पाला म्हणाला, "लई मोट्यानं वरडतोय की. घसा धरंल त्येचा." मग विचारलं, "आता ठीक हाय?"

"आता?" गुरप्पा म्हणाला. "आता चडतंय बगा, संगप्पा. कुनाच्या बापाच्यानं थांबायचं न्हाय."

संगप्पानं मान हलवली आणि चपला घालायच्या विसरून रस्त्यावर आला. मीच त्याच्या हातातल्या चपला त्याच्या पायापुढं टाकल्या.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकतो, म्हणजे मागं काही राहणार नाही. बसू मुंबईला गेला. द शटल्सची दुसरी तबकडी निघाली, ती कुणी फार मागितली नाही. तिसरी निघालीच नाही. गार्डाचा मुलगा रेल्वेत लागला, अंबादास परत मागावर आला. बसू मात्र तिकडंच राहिला, दुसऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. दिवाळीला यायचा, कधी यायचा नाही. संगप्पा त्यानंतरही बरीच वर्षं दुकानात बसला, मुंबईत पाऊस झाला की इथं काळजी करत. वर्तमानपत्रात मुंबईची एखादी बातमी असली की पान घेऊन माझ्याकडं यायचा आणि, हे बसूच्या घरापासनं किती लांब, असं विचारायचा. मी कधीच मुंबईला गेलो नव्हतो. तरी "लई लांब" असं सांगायचो.

पण मला तो माणूस आठवतो तो दसऱ्याच्या आधीच्या त्या रविवारचा.

धुतलेली तबकडी लागून दोन आठवडे होत आले होते. मधल्या एका रविवारी 'भोंगा' सहाव्यावर आला होता. सहाव्यावरून एकदम तिनांत येणं अवघड, असं सगळेच म्हणत होते. एजंट आदल्या दिवशीच येऊन लॉजवर उतरला होता; कोल्हापूर-हुबळीत गाणं तिनांतच टिकून आहे, असं त्यानं सांगितलं होतं. सकाळी हॉटेलसमोर ही गर्दी. मिलची माणसं होती, विणकरांची पोरं होती, रेल्वे कॉलनीतली होती. बसू पुढं उभा होता, बापाकडं त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. एजंट दारात खुर्ची टाकून बसला होता. आम्ही दोघं सायकल स्टँडपाशी. संगप्पानं माझं मनगट धरलं होतं आणि इतकं आवळलं होतं की माझ्या हातावरच्या घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला.

गुरप्पानं खडू घेतला. दहावं लिहिलं, सिनेमाचं गाणं. नववं, सिनेमाचं. आठवं. सातवं. सहाव्याला तो थांबला, खडू मोडला, दुसरा घेतला. सहावंही दुसरंच. पाचवं लिहायला त्यानं हात वर नेला तेव्हा संगप्पानं डोळे मिटले. मी म्हणालो, "न्हाय. पाचवं बी दुसरंच हाय." चौथंही दुसरंच निघालं. आता एक तर वरच्या तिनांत, नाहीतर फळ्यावरच नाही.  अंबादासनं बसूच्या खांद्यावर हात ठेवला. तिसरं लिहून झालं आणि ते 'भोंगा' नव्हतं. "गेलं," संगप्पा म्हणाला. "धुळाप्पा, पोरगं मोडलं माजं. मीच मोडलं."

दुसऱ्या नंबरापुढं गुरप्पानं 'भों' काढलं आणि पुढची अक्षरं लिहायच्या आत रस्ता दणाणला. टोप्या उडाल्या. पोरांनी बसूला उचललं. एजंट खुर्चीवरून उठून हसत टाळ्या वाजवत होता.

 संगप्पा तिथंच सायकलींच्या मधे धुळीत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याला उठवायला गेलो तर मलाही काही नीट दिसेना. तेवढ्यात बसू गर्दीतून सुटून रस्ता ओलांडून आला, दम लागलेला, कपाळावर गुलाल. घर सोडल्यापासून पहिल्यांदा तो बापाशी बोलला.

"अप्पा, आता तरी खूश हाय का न्हाय?"

"न्हाय," संगप्पा म्हणाला.

"मग धुतलं कशाला समदं? ऱ्हाऊ द्यायचं हुतं तसंच. मी गेलोच नसतो की."

संगप्पानं उपरण्यानं तोंड पुसलं. त्यानं बसूकडं वर बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तू इचारलंस न्हवं, मुद्दाम केलं का म्हनून? तवा मला बोलता आलं न्हाय. आता बोलतो. न्हाय रं, बसू. मुद्दाम न्हाय केलं."

पलीकडून पोरं बसूच्या नावानं हाका मारत होती. तो गेला नाही. तिथंच बापाशेजारी, सायकलींच्या मधे, धुळीत बसला.